न घेणाऱ्यांच्या मागण्या

महागड्या गाड्यांच्या जगात माणसांचे दोन पंथ आहेत. एक गाडी घेणाऱ्यांचा, दुसरा गाडीतलं कळणाऱ्यांचा. दोन्ही पंथांची दीक्षा एकाच माणसाने घेतली आहे, असं फार क्वचित दिसतं. घेणाऱ्याला आपल्या गाडीत सिलिंडर किती हे सांगता येत नाही. आणि कळणाऱ्याच्या घरी गॅसचा सिलिंडर वेळेवर आला तरी तो दिवस सोन्याचा मानतात. नवी आलिशान गाडी कशी असावी, असं घेणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "पांढरी असावी आणि पाडव्याला दारात यावी." विषय संपला. तोच प्रश्न कळणाऱ्याला विचारला तर तो आधी चहा सांगतो, मग मागे रेलून बसतो आणि म्हणतो, "आता असं बघा..." त्या 'असं बघा'नंतर आपली दुपार आपली राहत नाही.

या दुसऱ्या पंथाची गादी पुण्यात आहे असं मानायला हरकत नाही. मर्सिडीजने भारतातली आपली पहिली गाडी १९९५ साली पुण्यात जोडली, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये तिचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचाही तिथेच आला. टाटांनी २००८ साली फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या आणि २०११ पासून लँड रोव्हरही पुण्यात जोडली जाऊ लागली. आता गाड्या गावात तयार होतात म्हणून गावकऱ्याला गाड्यांतलं कळतं, असं काही नाही. पण वस्तू गावात तयार झाली की तिच्याबद्दल बोलण्याचा पुणेकराला वडिलोपार्जित हक्क मिळतो, एवढं खरं.

त्यात या गादीला टेकडीही मिळाली आहे. देशातल्या गाड्या तपासून त्यांना पास-नापास करणारी एआरएआय ही संस्था १९६६ साली स्थापन झाली आणि ती कोथरूडच्या अंगाला वेताळ टेकडीवर आहे. म्हणून निम्मं पुणं त्या बाजूला एआरएआय टेकडीच म्हणतं. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांत वाहन-कारखान्यांतून निवृत्त झालेले इंजिनियर बरेच. आत संस्थेत गाड्यांची परीक्षा चालते आणि बाहेर कट्ट्यावर तिची फेरतपासणी. या कट्ट्यावरचे एक काका माझे या विषयातले गुरू. त्यांच्याकडे स्वतःची एक साधी, निगुतीने ठेवलेली हॅचबॅक आहे. पण जगातल्या कुठल्याही कोट्यवधींच्या गाडीला ते पहिल्या नजरेत पास करत नाहीत.

मर्सिडीजची ईक्यूएस ही विजेवर चालणारी गाडी २०२२ साली चाकणला जोडली जाऊ लागली, तेव्हाची गोष्ट. किंमत एक कोटी पंचावन्न लाख. एकदा चार्ज केली की ८५७ किलोमीटर जाते, असा एआरएआयचाच दाखला. म्हणजे कागदावर तरी पुण्याहून नागपूर गाठून वर शंभरेक किलोमीटर शिल्लक. मला वाटलं, काका निदान या आकड्यापुढे मान डोलावतील, कारण तो त्यांच्याच टेकडीचा आकडा. काका म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण समोर ती काच बघितलीत का?"

काच म्हणजे डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला छप्पन्न इंची पडदा. आमच्या घरातल्या टीव्हीलाही न्यूनगंड येईल असा. गाणी, नकाशा, एसी, सीटचा मसाज, सगळं त्या काचेत. काकांचं म्हणणं असं, की वयाच्या पन्नाशीला माणसाला ही गाडी परवडू लागते आणि नेमकं त्याच वयात चाळिशीचा चष्मा पक्का होतो. रस्ता बघायचा तर लांबचं दिसायला हवं, आणि एसी दोन डिग्री कमी करायचा तर जवळचं. "दीड कोटी खर्चून मी मान वरखाली करत बसू?" हा प्रश्न त्यांनी ज्या पोटतिडकीने विचारला, ती पाहून दीड कोटी खरोखरच त्यांच्या खिशातून जात आहेत असं ऐकणाऱ्याला वाटलं असतं.

पण काकांच्या कुरकुरीला आधार आहे. स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या मासिकाने २०२२ साली एक साधा प्रयोग केला. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवायची आणि चालवता चालवता रेडिओ लावणं, एसी बदलणं अशी चार बारीकसारीक कामं करायची. अकरा नव्या, पडदेवाल्या गाड्या आणि त्यांच्या जोडीला २००५ सालची एक जुनी व्होल्वो, जिच्यात नुसती बटणं. जुन्या व्होल्वोत ही कामं दहा सेकंदांत झाली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत त्यांना जवळजवळ पंचेचाळीस सेकंद लागले. तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त पुढे गेली होती. आपल्या एक्स्प्रेसवेवर एवढ्यात माणूस कामशेतच्या बोगद्यात शिरून बाहेर पडतो, आणि एसी अजून चोवीसवरच असतो.

गाडीवेड्याच्या मागण्यांच्या यादीत म्हणूनच बटण पहिलं. नुसतं बटण नव्हे. दाबल्यावर आत जाणारं, 'टक्' म्हणणारं आणि न बघता बोटाला सापडणारं. याचा नमुना दाखवायचा तर मर्सिडीजनेच केलेला दाखवता येतो. १९७९ साली आलेल्या एस-क्लासच्या पिढीत सीट हलवायची बटणं दाराच्या आतल्या अंगाला आली. त्या बटणांचा आकारच सीटचा. एक आडवा तुकडा बसायच्या गादीचा, एक उभा पाठीचा, वर एक छोटा डोक्याच्या टेकूचा. गादी पुढे हवी तर आडवा तुकडा पुढे ढकलायचा. पाठ मागे रेलवायची तर उभा तुकडा मागे रेलवायचा. पुस्तिका वाचायची गरज नाही, भाषा यायची गरज नाही. बोट दारावर ठेवलं की हाताला आपोआप कळतं. चार वर्षांचं पोरही ती सीट हलवेल, आणि हलवतंच. बाप बिल भरायला आत गेलेला असतो तेव्हा.

चार दशकांनी आलेल्या नव्या एस-क्लासमध्येही तोच आकार तिथेच आहे. फक्त आता तो हलत नाही. नुसतं बोट टेकवायचं, दाब कळतो आणि सीट सरकते. दिसायला सुंदर, पुसायला सोपं. पण ढकलल्यावर ढकलल्याचं समाधान बोटाला मिळत नाही, आणि खड्ड्यात गाडी आदळली की बोट भलत्याच तुकड्यावर टेकतं. गाडीवेड्याचं सगळं दुःख या एका बटणात साठलं आहे. आकार ठेवला आणि त्यातला अर्थ काढून घेतला, अशी त्याची तक्रार.

बरं, या तक्रारी हवेत विरत नाहीत. फोक्सवॅगनने नेहमीच्या कामांची खरी बटणं परत आणायचं ठरवलं आहे. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून पाच तारे देताना इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वाइपर आणि मदतीची हाक यांना हाताला लागणारी बटणं वा दांडे आहेत का, हे पाहण्याचा नियम केला आहे. ही बातमी कट्ट्यावर पोचली त्या दिवशी काकांनी सगळ्यांना चहा पाजला. टेकडीवर हे अभूतपूर्व.

दुसरी मागणी आवाजाची. आलिशान गाडी शांत असावी हे घेणाऱ्यांचं जुनं मत. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातकाराने रोल्स-रॉइससाठी केलेली जाहिरात अजून सांगितली जाते. गाडी साठ मैलांच्या वेगाने धावत असताना आत सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा येतो, असा तिचा दावा. पुढे रोल्स-रॉइसने शांततेचा इतका पाठपुरावा केला की २०२० सालच्या घोस्टमध्ये शंभर किलोहून अधिक आवाजशोषक सामान भरलं, आणि मग गाडी इतकी निःशब्द झाली की आत बसणाऱ्याला चमत्कारिक वाटू लागलं. तेव्हा इंजिनियरांनी मुद्दाम तिच्यात एक हलकी कुजबुज परत सोडली. आपल्याकडे ही अडचण आली नसती. शनिवारवाड्यापाशी काच बंद असो की उघडी, रिक्षावाला आपलं मत पोचवतोच.

गाडीवेड्याला मात्र शांतता नको, इंजिन ऐकू यायला हवं. आणि तेही खरं. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-फाइव्हमध्ये इंजिनाचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून आत ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा या पंथात सुतक पाळलं गेलं. इंजिन खरं, ते फिरतंय ते खरं, तरी आवाज मात्र वाजवलेला! आता विजेच्या बीएमडब्ल्यूंना तर इंजिनच नाही, म्हणून हान्स झिमर या हॉलिवुडच्या संगीतकाराने त्यांच्यासाठी आवाज रचले. पिकअप घेतला की पार्श्वसंगीत सुरू. माझा मावसभाऊ म्हणाला, "सिनेमाला जायचे पैसे वाचले." तो घेणाऱ्यांच्या पंथातला.

मर्सिडीजच्या एएमजी सी-६३ चं प्रकरण याहून हृदयद्रावक. या गाडीत पिढ्यान् पिढ्या आठ सिलिंडरचं गुरगुरणारं इंजिन असे. नवी आली ती चार सिलिंडरचं दोन लिटरचं इंजिन आणि जोडीला विजेची मोटर घेऊन. शक्ती ६८० अश्वशक्ती, म्हणजे आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त. आकडे बघितले तर तक्रारीला जागा नाही. पण गाडीवेडा आकडे बघून प्रेम करत नाही. सिलिंडर निम्मे झाले, एवढंच त्याला दिसलं. जगभरातून इतका गळा काढला गेला की ही गाडी न घेणाऱ्यांनीच तिची सर्वांत जास्त चर्चा केली असेल.

तिसरी मागणी वजनाची, आणि इथे मी काकांच्या बाजूने आहे. बीएमडब्ल्यूची पहिली एम-फाइव्ह १९८५ ची. वजन सुमारे एक हजार चारशे किलो, शक्ती २८६. आताची एम-फाइव्ह दोन हजार चारशे किलोंची, शक्ती ७२७. एक टन वाढलं. मधल्या काळात माणसांचंही वजन वाढलं हे मान्य, पण इतकं नाही. बॅटऱ्या, मोटरी, मसाजच्या सीटा, पडदे असं सगळं अंगावर घेऊन ती आपल्या यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात शिरते, तेव्हा वॉचमन तोंडाने 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणतो आणि मनात देवाचं नाव घेतो.

इथवरच्या मागण्या म्युनिकच्या गाडीवेड्याच्याही असतात. आपल्याकडच्यांच्या काही खास आहेत आणि त्यात पहिला मान स्टेपनीचा. परदेशी कंपन्यांनी बऱ्याच आलिशान गाड्यांतून पुरं पाचवं चाक काढून टाकलं. पंक्चर झालं तरी काही अंतर चालतील असे कडक टायर दिले, किंवा हवा भरायचा एक छोटा पंप दिला. युरोपात फोन केला की तासाभरात माणूस येतो, तेव्हा त्यांचं बरोबर आहे. पण रात्री अकरा वाजता वरंधा घाटात, पावसात, फोनला रेंज नसताना तो पंप हातात धरून कुणाकडे बघायचं? आणि ज्यांनी स्टेपनी दिली त्यांनी ती डिकीत मधोमध अशी ठेवली, की मग बॅगा मांडीवर घेऊन बसावं लागतं. कोल्हापूरला लग्नाला निघालेल्या कुटुंबाला हे पटत नाही. गाडीची किंमत ऐंशी लाख आणि आहेराची पिशवी आजीच्या पायाशी.

मग स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गोल पाठीचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. गाडी त्यावरून अलगद जाते. पण आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर नियम वाचून झालेला नसतो. उरलेलं डांबर, सोसायटीच्या अध्यक्षांचा राग आणि रात्रीचा अंधार यांतून तो जन्माला येतो. त्यावर सव्वा कोटीची सेडान पोट घासते तेव्हा आत बसलेल्यांपेक्षा रस्त्यावरचा गाडीवेडा जास्त कळवळतो. लांबलचक, बुटक्या, डौलदार सेडानचा तो भक्त. पण आपल्याकडे लोक एसयूव्हीकडे का वळले हे त्यालाही त्या खर्रकन आवाजातून समजतं.

धुळीचंही तेच. डॅशबोर्डवर जिथे तिथे चकचकीत काळं प्लॅस्टिक लावायची फॅशन कुठल्या धुतल्या तांदळासारख्या देशात निघाली, देव जाणे. आपल्याकडे गाडी धुऊन गेटबाहेर पडेपर्यंत त्यावर धूळ बसते आणि चतुःशृंगीपर्यंत सगळ्या घराच्या बोटांचे ठसे. आणि गरम होणाऱ्या सीटा! बीएमडब्ल्यूने २०२२ साली काही देशांत सीट गरम करायची सोय दरमहा भाडं घेऊन विकायला काढली. सीट गाडीतच, तार सीटमध्येच, फक्त चालू करायचे पैसे दर महिन्याला. लोक इतके खवळले की पुढच्याच वर्षी कंपनीने तो नाद सोडला. आपल्याकडे कुणी फारसं खवळलं नाही. पुण्यात सीट तापवायला एप्रिल आहे, आणि तो फुकट आहे. आम्हाला हव्यात गार होणाऱ्या सीटा.

आता एवढं सगळं मागणारा हा माणूस सुसंगत आहे का? मुळीच नाही. त्याला गाडी हलकी हवी, पण सुरक्षेचे पाचही तारे हवेत. पेट्रोलचं मोठं इंजिन हवं आणि शेवटी तोच खाली वाकून विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" त्याला हाताने गियर टाकायची गाडी हवी असते आणि रोज संध्याकाळी तो सिंहगड रस्त्यावर क्लच दाबून दाबून पायाला बाम चोळतो. बीएमडब्ल्यूने २०२३ साली भारतात आणलेल्या एम-टूमध्ये खरोखरच हाताच्या गियरचा पर्याय ठेवला. किंमत अठ्ठ्याण्णव लाखांपासून. कट्ट्यावर आनंदीआनंद झाला. "बघा, ऐकतात आपलं!" बुकिंग कुणी केलं का, हा प्रश्न मी विचारला नाही. मैत्री टिकवायची असते.

कंपन्यांचीही सहनशक्ती कधीकधी संपते. २०२० साली बीएमडब्ल्यूने आपल्या नव्या विजेच्या गाडीच्या थोराड जाळीला नावं ठेवणाऱ्यांना जाहीरपणे 'म्हातारबुवा' अशा अर्थाचा टोला हाणला होता. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात टाटांच्या मालकीच्या जग्वारने नवं रूप जाहीर केलं ते अशा फिल्मने, की तिच्यात भडक कपड्यांतली माणसं होती आणि गाडी एकही नव्हती. काका त्या दिवशी दोन फेऱ्या न बोलता चालले. मग थांबून म्हणाले, "अहो, गाडीच नाही दाखवली, तर आम्ही चुका कशात काढायच्या?"

त्यांच्या वैतागात मला एक खरी गोष्ट दिसते. गाण्याच्या मैफिलीत फुकट पासावर येऊन पुढच्या रांगेत बसणारा आणि मात्रा चुकली की सर्वांआधी भुवई उंचावणारा एक श्रोता असतो. त्याच्यामुळे तिकिटं खपत नाहीत, पण गवई गाताना बघतो त्याच्याकडेच. गाडीवेड्याचं कंपनीशी हेच नातं आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत आलिशान गाड्यांचा वाटा जेमतेम एक टक्का, आणि त्या एक टक्क्यातही गाडीवेडे शोधावे लागतील. तरी आज त्याने काढलेली खोट पाच वर्षांनी घेणाऱ्यालाही बोचू लागते. तेव्हा बटणं परत येतात.

पण मागणीपत्र लिहिताना दोन्ही पंथ एका माणसाला विसरतात. तो पुढे बसलेला असतो.

आपला देश मागच्या सीटचा आहे. मर्सिडीजने २०१७ साली ई-क्लासची लांब आवृत्ती भारतात आणली ती मागे पाय पसरायला जास्त जागा मिळावी म्हणून. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली लांब ई-क्लास मिळवणारा भारत पहिला देश. बीएमडब्ल्यूनेही तीच वाट धरली, आणि २०२४ मध्ये फाइव्ह सिरीज लांबवून दिली. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे पासष्ट कोटींच्या. सगळ्या देशाने त्या शहराकडे वळून पाहिलं. त्या व्यवहारात गाडीची अश्वशक्ती कुणाच्या खिजगणतीत असेल असं मला वाटत नाही. शहराचं नाव व्हावं, ही मागणी होती आणि ती पुरी झाली.

आमच्या सोसायटीत एका उद्योजकांची अशीच लांब गाडी आहे. तिचा चालक साताऱ्याकडचा, सगळे त्याला भाऊ म्हणतात. एकदा त्यालाच विचारलं, "भाऊ, नवी गाडी घ्यायची झाली तर तिच्यात काय असावं?"

तो जरा संकोचला. "आमचं कुठं विचारतात? मागं काय काय हाय ते सायबांना ठावं."

"आणि पुढे?"

"पुढं समदं झ्याक हाय. पण पावसाची सर आली की वाइपर हुडकाय लागू नये. आन् गाडी हुबी असली की पाठ धरती. सायेब मीटिंगला ग्येले की चार-चार तास हुबी. येसी लावला तर डिझेल जातंय, न लावला तर आपून जातोय."

सीटला मसाज आहे, सुवास फवारायची सोय आहे, रात्री आत चौसष्ट रंगांचे दिवे लागतात. पण या गाडीत सर्वांत जास्त वेळ बसतो तो माणूस गाडी थांबलेली असताना बसतो, हे तिच्या कर्त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. पाण्याची मोठी बाटली उभी राहील असा कप्पा, डबा ठेवायला जागा, इंजिन बंद ठेवून तासभर वारा देणारा पंखा. विजेच्या गाडीने एवढं एक काम निमूट केलं आहे: ती उभी असताना एसी चालतो आणि धूर होत नाही. भाऊंना इंजिनाच्या आवाजाचं काही वाटत नाही. विजेची गाडी त्यांना एकदम पसंत आहे.

आणि वाइपर? भाऊंनी मागितलेला वाइपर पुण्यात होऊन गेला आहे. १९९५ साली पुण्यात जोडलेल्या त्या पहिल्या ई-क्लासला मोठ्या काचेसाठी एकच वाइपर होता. मधोमध बसवलेला. तो नुसता अर्धगोल फिरत नसे; वरच्या कोपऱ्याकडे जाताना हात लांब करी, मध्यावर आखडून घेई आणि पलीकडच्या कोपऱ्याकडे पुन्हा लांब करी. एकट्याने काचेचा ८६ टक्के भाग पुसायचा. लावायला स्टिअरिंगपाशी एक दांडा. अजूनही एखादी जुनी गाडी प्रभात रस्त्यावर पावसात दिसते, तेव्हा काका छत्री मिटायची विसरून तो वाइपर बघत उभे राहतात. जवळ जाऊन विचारलं तर म्हणतात, "हा बिघडला तर दुरुस्त होतो. ती डॅशबोर्डवरची काच बिघडली तर बदलावी लागेल. वीस वर्षांनी मिळेल का ती?"

हाच त्या सगळ्या यादीतला शेवटचा आणि मोठा प्रश्न आहे. अमेरिकेत २०२२ साली थ्रीजी नेटवर्क बंद झालं तेव्हा कितीतरी गाड्यांच्या ऑनलाइन सोयी बंद पडल्या. गाड्या धडधाकट होत्या, जमाना पुढे गेला. आलिशान गाडी पूर्वी बापाकडून मुलाकडे जायची; आता तिच्यातला पडदा मुलाच्या दहावीपर्यंत जुना होतो. गाडीवेडा जुनाट नाही. त्याला वीज चालते, कॅमेरे चालतात, आपोआप लागणारे ब्रेकही चालतात. त्याचं म्हणणं एवढंच, की एवढे पैसे दिल्यावर वस्तू समजावून सांगावी लागू नये, हाताला काही काम उरावं, आणि बिघडली तर दुरुस्त व्हावी.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी यंदा पाडव्याला अशी गाडी घेणार असेल तर शोरूममध्ये जाताना दोन माणसं बरोबर न्या. एक टेकडीवरचा आणि एक जो ती रोज चालवणार आहे तो. विक्रेता पडद्यावरचे रंग दाखवू लागला की त्याला नम्रपणे थांबवा. चालवणाऱ्याला पुढे बसवा आणि नजर समोरच्या काचेवरून न हलवता वाइपर लावायला, एसी कमी करायला आणि सीट मागे घ्यायला सांगा. तिन्ही जमलं तर गाडी आलिशान आहे, खुशाल घ्या. नाही जमलं, तर ती फक्त महाग आहे.